तिची गाडी, माझं पेट्रोल
पंपावर पेट्रोलचा वास आला की मार्चातला तो शनिवार आठवतो: तपासणीचे नव्वद डॉलर, आणि ब्लॅकटाउनच्या गॅरेजात हजर दोघेच, मी आणि पंजाबी मेकॅनिक. बायको वेगळी होऊन दुसऱ्या शहरात, वेरिबीला गेली, तिची गाडी माझ्याकडे राहिली, आणि तेव्हापासून गाडी चढावर दमायची, शंभर किलोमीटरला अर्धा लिटर जास्त प्यायची. बिघडलेली गाडी मुद्दाम माझ्या गळ्यात मारली, असा मेसेज मी तिला लिहूनही ठेवला होता. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला आणि तो हसला, "अंकल, इसको सस्तावाला पिलाते हो?" हलक्या पेट्रोलने इंजिनात ठोके पडू लागतात, कॉम्प्युटर ते ऐकतो आणि ठिणगी जरा उशिरा पाडतो. आपल्याला आवाज येत नाही, फक्त गाडीचा जोर जातो. "आंटी महँगावाला डालती होंगी." मला कधी कळलंच नव्हतं. घरखर्चाच्या वहीत मी स्वस्त पेट्रोलचाच हिशेब धरायचो, आणि तो वाढू नये म्हणून वरचे पैसे ती अकरा वर्षं स्वतःच भरत होती. मी मेसेज पुसला आणि फरकाचा हिशेब करून रक्कम तिला पाठवली. दोन दिवसांनी तिने ती रक्कम जशीच्या तशी परत पाठवली. आता मीही महागच भरतो. पण त्या शनिवारच्या हिशेबातले पैसे माझ्याकडून घेतले ते एकट्या मेकॅनिकने, नव्वद डॉलर.