कुंदाचे प्रदर्शन आणि माझी सेवा

आदिशक्ती मुक्ताईच्या चरणी मस्तक ठेवतो. तिच्या दाराशी प्रवचने करून म्हातारा झालेला हा सेवक आज स्वतःचीच फजिती सांगायला बसला आहे. आईनेही तोंडाला पदर लावून खुशाल हसावे!

घ्या मंडळी, चहा घ्या. काय सांगू तुम्हाला! माझी कुंदा लेखिका, आणि छायाचित्रकारही. गळ्यात कॅमेरा अडकवून साक्रीकडचे आठवडे बाजार पालथे घालायची. मिरच्या विकणाऱ्या, टोपल्या विणणाऱ्या बायांचे फोटो घ्यायची आणि त्यांच्याशी झालेल्या गप्पा लिहायची. नातेवाईक टोचत, "नाना, लेकीच्या हाती टाळ द्यायचे सोडून कॅमेरा दिलात!"

मी म्हणे, "मला देव गाभाऱ्यात दिसतो, तिला बाजारात दिसतो. नजर कुणाची चांगली, तुम्हीच सांगा!"

तर धुळ्याला तिचे पहिले प्रदर्शन भरले. पुण्याचे एक प्रकाशक खास ते पाहायला येणार होते. पसंत पडले तर पुस्तक छापणार, नाही तर रामराम!

सकाळी तिने माझ्या हाती कॅमेरा दिला. "नाना, मी पाहुण्यांना स्टँडवरून घेऊन येते. तोवर भिंतीवरचे सगळे फोटो काढून ठेवा. गर्दी झाली की मग जमायचं नाही."

लेकीने सेवा सांगितली! मी आधी कॅमेरा पिशवीत घालून वर घट्ट गाठ मारली. महागाची वस्तू ती! मग स्टुलावर चढलो आणि एकेक फोटो उतरवू लागलो.

सभागृहाचे रखवालदार उखाभाऊ धावत आले. "नाना, आत्तेच ते लावात, आते बठ्ठा काढतस कसाले? कार्यक्रम मोडना का काय?"

"उखाभाऊ, सगळे काढतो ते उगाच नाही! पाहुण्यांच्या हस्ते एकेकाची स्थापना व्हायची असेल. आधी अंतरपट, मग दर्शन!"

काय माझी बुद्धी! सगळे फोटो सतरंजीत गुंडाळले. भिंत विद्रूप दिसते म्हणून खिळेसुद्धा उपटले. वर चार अक्षताही टाकल्या!

तेवढ्यात कुंदा पाहुण्यांना घेऊन दारात. मागे गावातली वीस-पंचवीस मंडळी. समोर चारही भिंती पांढऱ्याफटक!

"नाना, फोटो?"

"काढले! एकही ठेवला नाही!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"कॅमेऱ्यात ना?"

"छे, सतरंजीत!"

पोरीचा चेहरा उतरला. "आणि खिळे?"

"तेही काढले."

प्रकाशक चष्मा पुसून पुन्हा भिंतीकडे बघू लागले. त्यांना वाटले, काचाच खराब झाल्या! मला तर धरणीने पोटात घ्यावे असे झाले.

पण माझी लेक बघा! तिने शांतपणे सतरंजी उलगडून अंथरली, सगळ्यांना तिच्यावर बसवले आणि प्रत्येकाच्या हाती एकेक फोटो ठेवला. मग त्या त्या बाईची हकिगत आपल्या लिखाणातून वाचू लागली. एक वाचून झाली की फोटो शेजाऱ्याकडे. भिंतीवरच्या फोटोवरून माणूस पुढे सरकतो. हातातला फोटो त्याला हलू देत नाही. उखाभाऊ ओरडले, "अरे, हाई ते मन्ही मावशी शे!" अन् तो फोटो काही केल्या पुढे देईनात!

प्रकाशकांनी तिथेच बसल्या बसल्या पुस्तकाला होकार दिला. माझा ऊर असा भरून आला की उपरणे डोळ्यांना लावावे लागले.

मग ते म्हणाले, "भिंत सोडून माणसांच्या हातात प्रदर्शन! अशी मांडणी मी कुठे पाहिली नाही. कल्पना कुणाची?"

मी खाली मान घातली. कुंदा गोड हसून म्हणाली, "आमच्या नानांची. प्रवचनात एकेका शब्दाचा अर्थ तासभर उलगडतात ते!"

मंडळी, ऐकणाऱ्या प्रत्येकाला आई मुक्ताई सुखात ठेवो. घरोघरी अशी लेक नांदो, आणि तिच्या बापाला माझ्यापेक्षा थोडे बरे मराठी येवो!