जोत्यावरून मोजलेली उंची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बरोबर नोकरी केलेल्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण... कारण जाऊ दे. सांगतोय.

नव्वदच्या दशकात मी सांगलीकडच्या एका नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. द्राक्षं-बेदाण्याचा पैसा आलेला, मजल्यावर मजले चढत होते. म्हणून ठराव आला – देवळाच्या कळसापेक्षा उंच काही बांधायचं नाही. केवढा वाद झाला! गाव मग वाढणार कुठं, म्हणून अर्धी सभा ओरडत होती. मला मात्र ठराव मनापासून पटला होता. एसटीतून लांबून कळस दिसला की बरं वाटायचं. आजही वाटतं.

ठराव मंजूर झाल्यावर पहिलाच अर्ज आला तो कांबळे नानांचा. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, बौद्ध समाजातले. देवळासमोरच्या पेठेत जागा घेऊन त्यांनी घर बांधलं होतं. आता वर माडी हवी होती – मुलाचं लग्न ठरलेलं, खाली दोनच खोल्या. माडी झाली नाही तर पोरगा वेगळा राहणार, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मी मोजायला निघालो, तर नगराध्यक्ष एवढंच म्हणाले, "देवाच्या दारात त्येंनी माडी बांधायची व्हय?" धमकी नाही, काही नाही. पण मला कळायचं ते कळलं – आणि माझी गाळण उडाली.

ठरावाप्रमाणे उंची मोजायची ती रस्त्यापासून. देऊळ चार फूट जोत्यावर उभं. मी देऊळ मोजलं जोत्याच्या वरून, आणि नानांचं घर रस्त्यापासून. माडी खरं तर कळसाच्या दोन फूट खाली राहत होती – माझ्या कागदावर ती दोन फूट वर गेली! सभेत मी आकडे वाचले, अर्ज फेटाळला गेला. लाज वाटली का? खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नाना मुलाला घेऊन ऑफिसात आले, आणि मुलगा भडकला. पुन्हा मोजा, आमच्यासमोर मोजा! मी मोजमापाची फाईल मिटून घेतली. तेवढ्यात नानांनीच त्याला दटावलं, "गप रं! सायबांनी सोता मोजलंय. नेम सगळ्यास्नी सारखाच." आणि मग त्यांनी माझी माफी मागितली. माझी! मी म्हणालो, "असू द्या."

लग्न होऊन मुलगा सांगलीला राहायला गेला. म्हातारा-म्हातारी दोघंच उरली. रस्त्यात भेटले की नाना मला कडक सलाम ठोकायचे, अगदी शेवटपर्यंत. आणि मी तो घेत राहिलो.