पाहुण्यांची पेटी

माझा कॉम्प्युटर आंब्याच्या पेटीत राहायचा, आणि यात मला त्या वेळी काहीच गैर वाटत नव्हतं.

२००८ साल असावं. सफरचंदाच्या खुणेचा महागडा कॉम्प्युटर आम्हाला झेपणारा नव्हता; पण त्यातली सिस्टीम साध्या मशीनवरही गुपचूप चालवता येते असं मी कुठेतरी वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. मदरबोर्ड जुना मिळाला, पॉवर सप्लाय त्याहून जुना. कॅबिनेट तेवढं राहिलं. पण पावस गावात आमची आंब्याची बाग, त्यामुळे रिकाम्या लाकडी पेट्यांना घरात तोटा नव्हता. फळ्यांच्या फटींतून वारा खेळतो. तो हापूसला चालतो तर मदरबोर्डला का चालू नये? (हे संशोधन माझं.)

तीन महिन्यांच्या खटपटीनंतर पडवीतल्या पडद्यावर एकदाचं सफरचंद उगवलं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ते चष्मा वर करून पाहिलं.

"आणि हे करतं काय?"

"चालतंय, अण्णा. फक्त आवाज येत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि बंद केलं की परत चालू होईलच असं नाही."

"म्हणजे तुझ्यावरच गेलंय," असं म्हणून अण्णा आढीतले आंबे बघायला गेले.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचं, नीलाताईचं, लग्न जमत आलं होतं. मुलगा पालीचा, बँकेत नोकरीला. सगळ्यांना पसंत, ताईला तर जरा जास्तच. रविवारी पालीला जाऊन याद्या करायच्या होत्या, म्हणजे लग्नात कोणी काय करायचं ते लिहून दोन्हीकडच्यांनी सह्या करायच्या. अण्णांनी मला एकच काम सांगितलं होतं. "पाहुण्यांसाठी चांगली पेटी निवड, खिळे मार आणि पडवीत ठेव."

ते मी साफ विसरलो. उलट शनिवारी वळवाचा गडगडाट सुरू झाल्यावर कॉम्प्युटरच्या वायरी काढून आत कोंबल्या, उंदीर शिरू नयेत म्हणून झाकणाला खिळे ठोकले आणि वर ठसठशीत लिहिलं, 'घरच्यांनी उघडू नये.'

रविवारी मी न्हाणीत असताना अण्णांनी ती पेटी पाहुण्यांचीच समजून उचलली आणि गाडीत मागे ठेवली. आंब्याची पेटी उघडून नव्हे, तर हाताला लागणाऱ्या भारावरून ओळखायची, असा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव! ही त्यांना एकदम पसंत पडली.

पालीला विहीणबाईंनी सर्वांदेखत झाकण उचकटलं.

"आमच्या चिरंजीवांनी स्वतः निवडलीय हो," अण्णा कौतुकाने म्हणाले.

विहीणबाईंनी एक वायर दोन बोटांत धरून वर काढली. "ह्यातलं खायचं कुठलं ओ?"

मी झाकण परत लावायला धावलो. घरी ताई निरोपाची वाट बघत फोनपाशी बसून असणार. तेवढ्यात नवरदेवाने विचारलं, "हे चालतं का?"

इथे मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण ताईची अब्रू सावरायची म्हणून मी म्हटलं, "चालतं तर!" त्यांचा मॉनिटर आणून जोडला. सफरचंद आलं. मग वरून काळपट पडदा उतरला आणि मशीन बंद करा असं चार भाषांत लिहून आलं. त्यात मराठी नव्हती, तरी विहीणबाईंना समजलं. मी बटणाला हात लावणार एवढ्यात पेटीत फट् झालं, धूर निघाला आणि अख्ख्या घराची वीज गेली.

अंधाऱ्या माजघरातून विहीणबाईंचा आवाज आला, "नीलाला हा नाद नाही ना?"

"छे हो," अण्णा घाईने म्हणाले. "तिला बल्बसुद्धा बदलता येत नाही."

(ताई इलेक्ट्रॉनिक्सची पदविकाधारक आहे.)

"मग ठीक आहे. लिहा याद्या."

मुलाकडच्यांनी काहीच मागितलं नाही. एकच कलम घातलं: मांडवात विजेच्या कुठल्याही वस्तूला मुलीच्या भावाने हात लावू नये. एरवी अण्णा शब्दाशब्दावर हुज्जत घालतात. या कलमापुढे मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने 'व मांडवाबाहेरही' असं लिहिलं आणि सही ठोकली.