अकरा मिनिटं थांबलेलं काळीज

शिंपल्याचं काळीज न दुखावता बाहेर काढायचं, तर आमच्या प्रयोगशाळेत मावशींशिवाय पान हलत नसे. मावशी म्हणजे तिथल्या मदतनीस. शिक्षण सातवी, पण हात असे की भलेभले तोंडात बोट घालत. मक्याच्या दाण्याएवढं ते काळीज समुद्राच्या पाण्यात टांगताना त्या स्वतःचा पांढरा केस बांधत, कारण दोरा पाणी पिऊन जड होतो. केसाचं दुसरं टोक हलक्या काडीला. काडी फिरत्या कागदावर ठोके काढायची.

मी नवी होते. सरांनी बजावलं होतं, महिन्यात एक नीट आलेख दाखवा, नाही तर दुसरा विभाग बघा. आज शेवटचा दिवस आणि टोपलीत शेवटचा शिंपला.

मज्जातंतूंच्या टोकांतून पाझरणारं ॲसिटिलकोलीन या काळजाला आवरतं, सेरोटोनिन पळवतं, एवढं वाचलेलं होतं. पहिल्याचा थेंब टाकला, तोही घाईत, पातळ न केलेल्या बाटलीतला! रेघ सपाट झाली.

सपाट रेघ दिसली की सर दोन मिनिटांत भांडं रिकामं करत. मीही ते उचललं.

“ठेवा खाली!” मावशी कडाडल्या. “सर ऐकत नाहीत, तुम्ही तरी ऐका. थांबलंय ते, मेलेलं नाही. धुवा. नळाच्या पाण्यानं नाही, त्याच्या समुद्राच्याच.”

चारदा धुतलं. पाच मिनिटं गेली, आठ गेली. मी सरळ रडायला लागले. “पी हळद अन् हो गोरी असं नसतं हो,” मावशी म्हणाल्या.

अकराव्या मिनिटाला बारीकसा आचका. मग आणखी एक. मग लागोपाठ! शरीर नाही, मज्जातंतू नाहीत, आणि तो दाणा आपला आपण धडधडतोय. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. रसायनं नुसता लगाम धरतात, धाव त्याची स्वतःची.

मावशींचेही डोळे भरले होते. “पस्तीस वर्षं बघतेय, तरी दर वेळी छाती भरून येते.”

सर आले. मी चूक लपवली नाही. सपाट रेघ आणि तिच्यापुढचे ठोके ते कितीतरी वेळ बघत राहिले.

“उद्या नऊला या,” मला म्हणाले. मग स्टुलावर बसले आणि मावशींना हळूच विचारलं, “मी फेकली, त्यातली किती जिवंत होती हो?”