उर्होची रायफल, रेनोची काडतुसं

रेनो लाम्पिनेनच्या घरात अकरा जुन्या शिकारी रायफली आहेत, आणि त्याला सुख नाही ते बाराव्या रायफलीपायी.

ती बारावी आमच्याच गावात, उर्हो सारेलाच्या भिंतीवर टांगलेली. ती बनवणारा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर बुडाला आणि तिला लागणारं काडतूस पुढे कुणी बनवलंच नाही. त्या काडतुसांचा वीसचा सीलबंद पुडा मात्र रेनोकडे. म्हणजे नवरी एका घरात, नवरा दुसऱ्या घरात, आणि दोन्हीकडचे बाप हट्टी.

बावीस वर्षं हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आधीच्या रविवारी रेनो उर्होकडे जातो. मीही जातो, वेलदोड्याच्या पावासाठी आणि खरं सांगायचं तर भांडण ऐकायला. रेनो म्हणतो, रायफल दे. उर्हो म्हणतो, पुडा दे. रेनोची बायको लेम्पी मला एकदा म्हणाली, मला मागणी घालायला ह्याला दोनच रविवार लागले होते.

गेल्या नोव्हेंबरात उर्हो थोडा नमला.

"एक काडतूस आण. मरायच्या आधी तिचा आवाज तरी ऐकू."

रेनो दोन दिवस धड जेवला नाही. फोडलेल्या पुड्याला संग्राहकांत मान नसतो. पण आवाजाची हाव त्यालाही होतीच. बुधवारी त्याने सुरी घेतली. तीनदा पुड्याला लावली, तीनदा खाली ठेवली; शेवटी सील लेम्पीनेच कापलं.

उर्होच्या घरामागे वाळूची खाण आहे. सुपीरियर सरोवरावरून बोचरा वारा येत होता. चाप कोणी ओढायचा, ह्यावर अर्धा तास गेला. शेवटी रेनोने ओढला.

नुसतं खट.

काडतुसाच्या बुडाची टोपी जुनी असली की कधीकधी उशिरा पेटते, म्हणून नळी समोरच धरून थांबावं लागतं. रेनो मिनिटभर तसाच उभा. नाक गळत होतं, पण पुसायलाही हात हलवला नाही. काही उडालं नाही.

"दुसरं घाल," उर्हो म्हणाला.

"नाही."

"अरे लेका, एक मेलं म्हणून सगळी मेली का?"

"तेच मला जाणून घ्यायचं नाही," रेनो म्हणाला आणि पुडा कोटात कोंबून चालू लागला.

पुढचा आठवडाभर तो लेम्पीशी बोलला नाही. सील तिने कापलं होतं ना.

मग एकदा मी रेनोकडे बसलो असताना बर्फ तुडवत उर्होच त्याच्या दारात आला, रायफल घोंगडीत गुंडाळून. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, झोप लागत नाही, आणखी एकच दे. रेनोने त्याला कॉफी दिली, घोंगडीवरून हात फिरवला आणि सांगितलं की रायफल ठेवून जा, मग बघू. उर्होने कप अर्धा ठेवला, रायफल उचलली आणि निघाला.

"दोन दिवसांत परत येईल," खिडकीतून बघत रेनो मला म्हणाला.

आता एप्रिल संपत आलाय. उर्हो आलेला नाही. रेनो रोज त्या खिडकीपाशी बसतो आणि कुणी बोलायला गेलं की खेकसतो. मी परवा उर्होकडे कॉफी प्यायलो हे कळल्यापासून तर मला दारही उघडत नाही.