दारापासून ओल्या वाळूपर्यंत

तुमच्या घरात कधी चार चाकांच्या एका फळीवरून पंधरा दिवस चर्चा झालीय का? आमच्याकडे झाली. आणि नुसती घरात नाही, सगळ्या किनाऱ्यावर झाली!

काशीदला सुरूच्या बनात आमचा शहाळ्यांचा स्टॉल आहे, वर झावळ्यांच्या झापांचं छप्पर. शेजारी नंदाताईंचा चहा-भजीचा; आमची घरंही शेजारीशेजारीच. मागे रस्त्याला लागून रफिकभाईंचं पंक्चरचं दुकान. अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक नसलं की गप्पा होतात, गप्पांच्या नादात कुणीतरी काहीतरी करून बसतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच आपल्याला चहाबरोबर ऐकावं लागतं. नंदाताईंकडे माझे इतके किस्से जमलेत, की मी त्यांच्याशी भांडण करायचं टाळते.

हे किस्से मात्र पल्लवीच्या फळीचे.

पल्लवी माझी मुलगी. तीन वर्षं न्हावा शेव्याला एका ट्रान्स्पोर्टच्या ऑफिसात होती. कुठला कंटेनर कुठे चाललाय, ते दिवसभर कॉम्प्युटरवर बघायचं. यंदा पंधरा दिवसांची रजा घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाली, "मला परत जायचं नाही. इथेच राहायचं. पर्यटकांना इलेक्ट्रिक स्केटबोर्ड शिकवीन, ओहोटीला ओल्या वाळूवर."

आमच्या ह्यांनी भाताचा घास खाली ठेवला. "ते काय असतं?"

तिने मोबाइलवर दाखवलं. ह्यांनी पूर्ण व्हिडिओ बघितला. मग म्हणाले, "घे. एकच घे. पण आपल्या दारातून निघाली की ओल्या वाळूपर्यंत कुणी उचलायची न्हाय. रोज उचलून न्यायची, तर ती गाडी कसली? ओझं ते. जमलं तर ऱ्हा. न्हाय जमलं, तर रजा संपली की नोकरीवर."

"चालेल!" पल्लवी म्हणाली. पोरीने वाटेकडे एकदा बघायला हवं होतं.

*

पहिली फळी तिच्या पनवेलच्या मैत्रिणीची. नुसती बघायला आणलेली. दिसायला फार सुंदर, चाकं मात्र लहान आणि कडक. शहरातल्या गुळगुळीत रस्त्यावर म्हणे ती लोण्यासारखी जाते.

आमच्या दारात पेव्हर ब्लॉक आहेत. ह्यांनी काय केलं, फळीवर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला आणि पल्लवीला म्हणाले, "रिमोटवर हळू चालव. मी बाजूने चालतो."

खडखडखडखड करत फळी गल्लीच्या टोकाला पोहोचली. ह्यांनी कप उचलून बघितला. तळाला दोन घोट उरले होते.

"आपल्या गल्लीनेच चहा प्यायला," हे म्हणाले. "पाहुण्यांची हाडं काय सोडील?"

फळी त्याच संध्याकाळी पनवेलला परत गेली. मैत्रिणीला अजून कळलेलं नाही, फळीला मुंग्या का लागल्या ते.

*

मग नवी मुंबईच्या एका दुकानाचा फॉर्म आला. तुम्ही कुठल्या जमिनीवर चालवणार ते लिहायचं, म्हणजे ते योग्य बोर्ड सुचवणार. पल्लवी अंघोळीला गेली होती. मी म्हटलं, वाट मला तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे, मीच भरते.

तिथे रस्ता, गवत आणि कच्ची वाट एवढेच पर्याय. आमचं एवढ्यात कसं भागणार? मी खाली सविस्तर लिहिलं. नंदाताईंच्या नळापर्यंत पेव्हर ब्लॉक, तिथे कायम ओलं. पुढे डांबरी रस्ता. मग एक उंच स्पीडब्रेकर. त्याच्या पुढे खंड्या कुत्रा झोपलेला असतो. मग खडी. मग सुरूची मुळं, वर सुरूची बोंडं. मग कोरडी वाळू, अठरा पावलं. मग ओली वाळू.

अर्ध्या तासात दुकानातल्या मुलीचा फोन. फार गोड बोलली. "काकू, बाकी सगळं समजलं. मोठी, हवा भरायची चाकं लागतील, पोटाखाली उंची जास्त लागेल. पण कुत्र्याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "वळसा घालायचा. तो उठत नाही."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्रक आलं, त्यात खरंच लिहिलं होतं: 'ग्राहकाची गरज: तीव्र वळण घेता येणे.'

*

माणगावचे एक गृहस्थ स्वतः जोडलेला बोर्ड दाखवायला घेऊन आले. ह्याची चाकं मोठी होती. मोटरपासून चाकापर्यंत पट्टा होता, शिवणाच्या मशिनीला असतो तसा. ते म्हणाले, "कुणालाही उभं करा. अगदी सावकाश चालतो. वेग, ब्रेक, सगळं ह्या रिमोटमध्ये."

नंदाताई चहाची केटली घेऊन तिथूनच चालल्या होत्या. "मी बघू काय गो?" म्हणाल्या, आणि पदर खोचून चढल्यासुद्धा! गृहस्थांनी त्यांच्या हातात रिमोट दिला.

आता एका हातात केटली, दुसऱ्या हातात कपांची थप्पी. रिमोट धरणार कुठे? त्यांनी तो माझ्याकडे दिला. "जरा धर गं शुभा."

मी धरला. घट्टच धरला, नवीन वस्तू पडायला नको म्हणून. माझ्या अंगठ्याखाली काहीतरी हललं आणि नंदाताई निघाल्या!

"ब्रेक!" गृहस्थ ओरडले.

"कुठला?" मी ओरडले, आणि त्यांना धरायला मागे धावले. धावताना अंगठा आणखी दाबला गेला. नंदाताई बनातून ताठ उभ्या, केटली पुढे धरून, एखादी पालखी जावी तशा चाललेल्या. चार पर्यटकांनी उठून वाट दिली. शेवटी आमच्या शहाळ्यांच्या ढिगाला फळी टेकली आणि थांबली.

त्या खाली उतरल्या. चहाचा थेंब सांडला नव्हता.

"गाडी बरी हाय," नंदाताई म्हणाल्या. "डायवर बदल."

पण तेवढ्या फेरीत पट्ट्यात वाळू आणि एक बारका खडा शिरला होता. परत जाताना पट्टा कुरकुरायला लागला. पल्लवीने वहीत लिहून घेतलं, 'पट्टा नको. बंद डबीतल्या गिअरवाली.' मला बरं वाटलं. माझ्या चुकीतून पोरीला काहीतरी कळलं.

*

रफिकभाईंनी एकच अट घातली होती. "घ्या ते घ्या वहिनी, पण टायर मला दाखवल्याशिवाय न्हाय."

शेवटी दुकानाने गिअरवाला बोर्ड चार दिवस वापरून बघायला पाठवला. बरोबर त्यांचा एक माणूस, पांढरा शर्ट, पांढरे बूट. रफिकभाईंनी बोर्ड उलटा केला, पाना काढला, एक चाक सोडवलं आणि सरळ पाण्याच्या टबात बुडवलं.

पांढरा शर्ट किंचाळला. "चाचा! नवीन आहे तो!"

"नवीन हाय म्हणून अंघोळ नको काय?"

बुडबुडा आला नाही. रफिकभाईंनी चाक पुसलं, अंगठ्याने दाबून बघितलं आणि फुस्स करून थोडी हवा सोडली. "वाळूला कडक टायर चालत न्हाय. टायर जरा पसरला पायजे, उंटाच्या पायासारखा."

त्या माणसाने मोबाइलमध्ये कंपनीचं पुस्तक उघडलं. बराच वेळ वाचलं. मग हळूच म्हणाला, "असंच लिहिलंय. फक्त उंट नाहीये."

*

बोर्डाबरोबर हेल्मेट आणि गुडघ्याला बांधायच्या गाद्यांच्या दोन जोड्या आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पल्लवी सराव करायला निघाली, तर गाद्या गायब! सगळं घर पालथं घातलं. ह्यांना विचारलं, रफिकभाईंना विचारलं. पोरगी रडकुंडीला आली. "दुकानाची वस्तू आहे, आई!"

मला सांगावंच लागलं. एक जोडी मी बांधली होती, मागचं अंगण सारवायला. काय सांगू, वीस वर्षांत पहिल्यांदा सारवून उठले आणि गुडघा बोलला नाही!

"आणि दुसरी जोडी?" पल्लवीने विचारलं.

नंदाताईंनी कुंपणापलीकडून साडी वर करून दाखवली.

*

शेवटचा किस्सा रविवारचा. रजेचा शेवटचा दिवस, दुपारी ओहोटी. सगळे वाटेवर उभे होते. रफिकभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं. हे सगळ्यात पुढे, पाण्याजवळ, हात मागे बांधून.

पल्लवी दारातून निघाली. पेव्हर ब्लॉकवर गुडघे जरा वाकवून मऊ गेली. नळाजवळचं ओलं पार केलं. डांबरी रस्त्यावर तर नंदाताईंनी टाळ्याच वाजवल्या. स्पीडब्रेकर चढली, उतरली. खंड्याला वळसा घातला. त्याने एक डोळा उघडून मिटला. खडीवर बोर्ड थरथरला, पण थांबला नाही. मुळं, बोंडं, सगळं झालं. मी मोठ्याने म्हणाले, "आता काय राहिलं!"

राहिली होती अठरा पावलं.

कोरड्या वाळूत चौथ्या पावलावर चाकं रुतली. जागच्या जागी फिरली, वाळू उडाली, खड्डा झाला. ती मागे गेली, वेग घेऊन आली. सहा पावलं. रफिकभाईंनी आणखी हवा सोडली. सात. "अंग पुढं टाक गो!" नंदाताई ओरडल्या. सात पावलं, आणि पल्लवी तोंडावर पडली. उठली, वाळू झटकली, पुन्हा आली. पाच.

चाचणी बघायला परत आलेला पांढरा शर्ट कसनुसा होऊन म्हणाला, "इतक्या भुसभुशीत वाळूत कुठलाच बोर्ड जात नाही, मॅडम. आमचाच काय, कुणाचाही."

पल्लवी वाकली, बोर्ड काखेत उचलला आणि उरलेली वाळू चालून ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उचललीस," हे म्हणाले.

"हो बाबा. उचलली."

मला वाटलं, हे काहीतरी बोलतील. कुणालाही वाटेल. ते वळले आणि स्टॉलकडे चालत गेले. पल्लवी ओल्या वाळूवर एकदाच, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आली. इतकी सरळ, इतकी हलकी गेली की पाण्यात खेळणारी माणसं थांबून बघायला लागली. मग घरी येऊन तिने बोर्ड ओल्या फडक्याने पुसला, खारं वारं लागलेलं म्हणून पुन्हा कोरड्या फडक्याने पुसला, आणि बॅग भरायला घेतली. मी डब्यात तिच्या आवडीची सुकट घातली. ह्यांना विचारलं, "तुम्ही काहीच बोलणार नाही का?" तर म्हणाले, "बोललो व्हतो ना. तेच." आणि पाठ फिरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी आठच्या एसटीसाठी बॅग घेऊन रस्त्यावर आली, तेव्हा सुरूच्या बनापासून ओल्या वाळूपर्यंत नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप एकाला एक लावून, कडेला खुंट्या ठोकून अंथरलेले होते. आमच्या स्टॉलवर छप्पर नव्हतं, आणि हे मानेत छत्री अडकवून शहाळी सोलत बसले होते.