वेशीबाहेरच्या चौदा झोपड्या

संग्रहालयात सगळे त्याला टाचणी म्हणत. अंगाने टाचणीसारखा बारीक, डोकं तेवढं मोठं, आणि कामही टाचण्यांचंच. मागच्या खोलीत बसून लाकूड, पुठ्ठा आणि सरस यांतून तो किल्ले, धरणं, जहाजं बनवायचा. एकतीस वर्षं बनवली. पुढच्या मोठ्या दालनात मात्र त्यातलं एकही गेलं नाही. शाळेच्या पोरांना दाखवायचं की परत माळ्यावर. निवृत्तीला चार महिने उरले आणि गड्याचं नशीब फळफळलं. संचालकबाईंनी बोलावून घेतलं.

नवं प्रदर्शन होतं: इंग्रजांचं राज्य आलंच नसतं तर? दहा फुटी टेबलावर आपलंच शहर उभं करायचं, पण त्यांच्याशिवाय वाढलेलं. आणि टेबल जाणार होतं थेट पुढच्या दालनात. घरी येऊन तो आईला म्हणाला, "उद्घाटनाला तुला गाडी करून नेतो. पुढच्या दारानं."

"माझ्या माहेरची गल्ली असेल का रे त्यात?"

"असेल म्हणजे? नुसती गजबजलेली असेल!"

आईचं माहेर विणकरांचं. परदेशी कापड आलं आणि तिच्या आजोबांच्या गल्लीतले चाळीस माग एकेक करून थंडावले. पुढे त्याच घरातली माणसं सूतगिरणीत रोजावर लागली. टाचणीला याचा लहानपणापासून राग. म्हणून आराखड्यातून त्याने आधी गिरणी उडवली, मग स्टेशन, मग कचेरी, आणि चाळीसच्या चाळीस माग आगपेटीच्या काड्यांनी पुन्हा चालू केले. प्रदर्शनाच्या समितीच्या हौसेखातर कारंजी, विद्यापीठ आणि तोफांचा कारखानाही दिला. घरांची दारं टाचणीवर बसवली, नखाने उघडतील अशी. तीन महिने स्वारी शीळ घालत होती.

मग वेस आली आणि हात अडला. बापाचे लोक वेशीबाहेरचे. मेलेली जनावरं ओढायला तेवढं आत यायचं, विहिरीला हात लावायचा नाही. आईची आणि बापाची गाठ पडली ती गिरणीत. तिथेच त्यांनी लग्न ठरवलं, केलं, आणि आईचं माहेर कायमचं तुटलं. आता गिरणीच नाही म्हटल्यावर बापाला ठेवायचं कुठे? आठवडाभर टाचणीला घास गोड लागेना. शेवटी त्याने वेशीबाहेर चौदा झोपड्या मांडल्या. मांडताना जिवाला फार लागलं.

संचालकबाई मनाने चांगल्या, पण झोपड्या बघून त्यांचा चेहरा पडला. "अहो, कल्पनाच करायची तर हे कशाला? घ्या ना त्यांना आत. दोन बोटांचं काम."

"परके आले नाहीत, हे धरून चाललो, बाई. पण वेस कोणी उघडली असती?"

"आपणच उघडली असती की! दोनशे वर्षं होती हातात."

"उघडलीही असती." त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि तेच त्याला खात होतं. "पण कोणी, कधी, ते दिसल्याशिवाय चिकटवू कसं?"

बाईंनी उसासा टाकला. "सोमवारपर्यंत झोपड्या आत आल्या नाहीत, तर टेबल मागेच राहील. समितीपुढे माझं काही चालायचं नाही."

रविवारी त्याने चौकीदाराला गळ घातली आणि आईला मागच्याच दाराने आणलं. काय करायचं ते तिने सांगावं, असं त्याला वाटत होतं. साठीला टेकला तरी आईच्या पदराआड लपायची खोड काही गेली नव्हती.

आई काठी टेकत टेबलाभोवती फिरली. "या झोपड्या तुझ्या बापाच्या?"

"हो."

"बरोबर आहेत. राहू देत इथंच."

"बाई म्हणतात, आपली आपणच वेस उघडली असती."

"असेलही बाबा. पण माझ्या बापानं मला दार उघडलं नाही, तेव्हा इंग्रज जाऊन बारा वर्षं झाली होती. कोण साहेब कडी धरून बसला होता आत?"

टेबल मागेच राहणार, हे त्याचं त्यालाच कळून चुकलं. वाईट वाटलं, आणि जरा हलकंही वाटलं.

आई विणकरांच्या गल्लीकडे वळली. विहिरीपासून तिसरं घर तिने न विचारता ओळखलं. दाराला नख लावलं तर दार उघडलं. आत काड्यांचा माग होता. ती कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"हे उघडतं होय रे?"

"सगळीच उघडतात, आई. टाचणीवर बसवलीत."

"बाकीची असू देत." तिने दार हळूच लोटलं. "हे खोटं आहे. हे चिकटव."

"अगं, कल्पनाच आहे ही."

"झोपड्यांच्या वेळी नव्हती होय?"

त्याने सरसाची बाटली उघडली, एक थेंब चौकटीला लावला आणि दारावर बोट दाबून उभा राहिला. आई काठीवर दोन्ही हात ठेवून शेजारी उभी होती. थोड्या वेळाने तो बोट काढायला लागला तशी ती म्हणाली, "थांब. पुरतं धरू दे."